कोंडलेलं बी

आमच्या घरात बियाण्याला हात लावायचा तो आईनंच. आबा नांगर धरत, चिखल करत, बांध लिंपत. पण कणगीतलं बी काढायचं, पाखडायचं, भिजवायचं, त्याला मोड आणायचे, हे सगळं आईकडे. आबांचा हात थंड आहे आणि थंड हातानं बी रुसतं, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते ठाऊक नाही. बहुधा आईनंच ठरवलं असावं, कारण आबांनी एखाद्या कामात लुडबूड करू नये असं वाटलं की ती त्यांच्या अंगात काहीतरी खोट काढून ठेवी. ते चुलीपाशी आले की जाळ धुरकट होतो, हेही तिनंच शोधून काढलं होतं. आबा माळकरी, मुकाट माणूस. दोन्ही आरोप त्यांनी आयुष्यभर हसून मान्य केले.

घर वेल्ह्याच्या अंगाला, कानंदीच्या खोऱ्यात. वाडीत दहा-बारा घरं, सगळी पेंढ्यानं शाकारलेली, आणि घरांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरं. पावसाळ्यात तिथं आवाज दोनच, छपराच्या पागोळ्यांचा आणि ओढ्याचा. त्या वर्षी त्यात तिसरा मिळाला, तो माझ्या धाकट्या भावाचा. तो जन्मला आणि आठवड्याभरात माझ्या आयुष्याचा सगळा बेत त्याच्या रडण्याभोवती फिरायला लागला. पण त्याआधी भोरचं सांगायला हवं.

भोरला माझी आत्या होती. तिला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, संस्थानच्या कचेरीत शिपाई होते. मी नऊ-दहा वर्षांची असताना सोबतीला म्हणून आत्यानं मला नेलं, आणि सोबतीला आणलेली पोर दिवसभर घरात बसून नुसती प्रश्न विचारते, हे सहन होईना म्हणून शाळेत घातलं. माझ्या शिक्षणामागं एवढाच उदात्त हेतू होता. दोन खोल्यांचं घर, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पहाटे नीरेवर धुणी आपटण्याचा आवाज सुरू होई, मग कचेरीचे टोल, मग आत्याच्या भाकरीचे. ती ज्वारीची भाकरी थापायची आणि सोबत कांद्याची पातळ आमटी. मी भाताच्या मुलखातली, मला भाकरी म्हणजे जेवणाआधीचं काहीतरी वाटे. भाकरी संपली की मी ताटाकडे बघत बसे, आणि आत्या म्हणे, “उठ आता. भात काय आभाळातनं पडतोय?”

शाळेत सृष्टिज्ञान शिकवायला पेंडसे मास्तर होते. बारीक, काळसर, कोटाची सगळी बटणं लावणारे. ते कधी रागावत नसत आणि कधी हसतही नसत. घंटा झाली की वाक्य जिथं असेल तिथं सोडून खडू ठेवत. आम्ही मुली त्यावर पैजा लावत असू, की आज मास्तर कर्त्यावर थांबतील की कर्मावर. तर या मास्तरांनी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आम्हाला पान शिकवलं. शाळेच्या आवारात जास्वंद होती. तिच्या एका पानाला त्यांनी काळ्या कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून बसवली आणि दोन दिवस ते पान तसंच उन्हात राहू दिलं. मग ते खुडून आणलं, उकळत्या पाण्यात टाकलं, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या वाटीत टाकलं. स्पिरिट हिरवंगार झालं आणि पान उकडलेल्या कोबीसारखं फिकट पडलं. त्यावर त्यांनी दवाखान्यातून आणलेलं टिंक्चर आयोडीन ओतलं. आमच्या डोळ्यांदेखत पान काळंनिळं होत गेलं, फक्त जिथं पट्टी होती तेवढा पट्टा पिवळटच राहिला.

“जिथं ऊन पोचलं नाही, तिथं स्वयंपाक झाला नाही,” मास्तर म्हणाले. “पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. मुळांनी पाणी द्यायचं, हवेतून कार्बानिक वायू घ्यायचा, आणि पानातलं हिरवं द्रव्य उन्हाच्या आचेवर त्याची साखर करतं. जास्तीची साखर झाड पिठूळ सत्त्व करून साठवतं. हे निळं दिसतंय ते सत्त्व.”

मग त्यांनी खिशातून तांदळाचा एक दाणा काढला, चिमटीत चुरडला आणि त्यावर थेंब टाकला. तोही निळा झाला. मला त्या क्षणी काय वाटलं ते आजही नीट आठवतं. आमची खाचरं, तिथली ती हिरवी पाती, आणि मला न मिळणारा तो भात, हे सगळं एकाच सुतात ओवलेलं आहे असं कुणीतरी मला पुराव्यानिशी दाखवलं होतं. मला अतिशय आनंद झाला. मास्तर पुढं म्हणाले की आपण उच्छ्वासात जी हवा टाकतो, माणसाला निरुपयोगी म्हणून, तिच्यातच तो कार्बानिक वायू असतो. झाड ती घेतं आणि बदल्यात प्राणवायू सोडतं. “मात्र याच्या उलट,” असं म्हणून ते फळ्याकडे वळले आणि घंटा झाली. खडू खाली. दुसऱ्या दिवसापासून परीक्षा, मग सुट्टी.

माझ्या नातीच्या पुस्तकात हा धडा आणि तो राहिलेला ‘उलट’चा धडा समोरासमोरच्या पानांवर आहेत, मध्ये फक्त शिवण. ती ते पाठ करते आणि विसरते. मला मात्र त्या दोन पानांमध्ये एक अख्खा पावसाळा गेला.

घरी आले ती डोक्यावर शिंगं उगवल्यासारखीच. म्हशीला पाणी दाखवताना, पाणवठ्यावर, आंब्याखाली, मी जो भेटेल त्याला पानाचं स्वयंपाकघर सांगत सुटले. आपण टाकलेली हवा झाडाचं खाणं आहे, हे ऐकून बायका तोंडाला पदर लावत. आबा सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “आसंल बा.” त्यांचं ते ‘आसंल बा’ मला शाबासकीसारखं वाटे. आता वाटतं, त्यात थोडी वाट बघणं असावं.

त्या वर्षी राबात, म्हणजे पालापाचोळा भाजून तयार केलेल्या रोपांच्या जागेत, आईनं बाळंतपणाच्या आधी बी टाकलं आणि दहाव्या दिवशी ओढा फुटून खाचरात शिरला. राब, राख, कोवळी रोपं, सगळं खाली कानंदीला मिळालं. कणगीच्या तळाशी आंबेमोहराचं जेमतेम दोन पायल्या बी उरलं होतं. आता रहू घालायचा, हाच उपाय होता. रहू म्हणजे बी घरातच भिजवून, उबेला ठेवून, मोड आणून मगच चिखलात फेकायचं. मोड आलेलं बी लवकर मूळ धरतं आणि पावसाला पुरून उरतं. पण हे काम आईचं, आणि आई आठ दिवसांची बाळंतीण. सव्वा महिना ती बियाण्याच्या जवळपासही जाऊ शकत नव्हती. बाळंतिणीचा विटाळ बियाला लागला तर पीक काळं पडतं, असं आमच्याकडे पक्कं होतं.

“अनसू, औंदा रहू तूच घाल,” आबा म्हणाले.

मी तयारच होते. पण त्यात माझाही एक धागा अडकलेला होता. भाऊ झाल्यापासून वाडीतल्या बायका आईला सांगत होत्या, की पोर आता तेरा-चौदाची झाली, तान्ह्याला सांभाळायला घरात ठेव, भोरला धाडू नकोस. आईलाही ते पटायला लागलं होतं. आबांनी ते नुसतं ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी मात्र म्हणाले, “रहू उतरला, पेरा झाला, की म्या सोता तुला भोरला सोडतो. कुणाचं ऐकत न्हाई.” म्हणजे माझी सातवी त्या दोन पायल्यांत होती.

आईनं कुडाच्या भिंतीपलीकडून, शेकशेगडीच्या धुरातून, खोकत खोकत सगळं समजावलं. बी एक दिवस भिजवायचं, वर तरंगेल ते फोल काढून टाकायचं, मग टोपलीत पेंढा आणि सागाची पानं अंथरून त्यात ओतायचं, वर पानं, त्यावर दगड. “आन् दिसातनं तीन येळा दगूड काढायचा. हात घालून वर-खाली करायचं. कोमट पाणी शिपडायचं. एकलं ठिवलं की रुसतं गं बी. त्याला माणसाचा हात लागतो.”

“रुसतं म्हंजे काय गं आई?”

“म्हंजे रुसतं. तू रुसतीस तसं.”

हे कारण काही मला पटलं नाही. शास्त्र शिकलेल्या मुलीनं रुसणाऱ्या बियाला दिवसातून तीनदा समजवायचं म्हणजे अतीच झालं. मी विचार केला. बी म्हणजे छोटं झाड. झाडाचं खाणं म्हणजे आपण टाकलेली हवा. टोपलीच्या फटींतून ती निघून जाते, आणि वर आई दिवसातून तीनदा उघडून उरलीसुरलीही घालवते. त्यापेक्षा बी घट्ट कोंडलं आणि आत भरपूर उच्छ्वास भरला, तर मोड दोन दिवसांत येतील. उजेडाचं काय, हा प्रश्न मला पडला होता, हे सांगितलं पाहिजे. जमिनीच्या पोटात तरी कुठं उजेड असतो, असं मीच मला उत्तर दिलं. तो प्रश्न आणखी थोडा वेळ धरून ठेवला असता, तर उजेड नाही म्हणजे तिथं स्वयंपाक नाही, आणि स्वयंपाक नाही तर ते बी जगतंय कशावर, इथपर्यंत माझी मीच पोचले असते. पण उत्तर सापडल्याचा आनंद एवढा, की प्रश्नाकडे पुन्हा कोण बघतो?

माझ्याकडे घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा होता. पावसात पुस्तकं भिजू नयेत म्हणून मामांनी तो कुठूनसा मिळवून दिला होता. पुस्तकं मी फडताळात ठेवली. भिजलेलं, निथळलेलं बी डब्यात गळ्यापर्यंत भरलं. मग डब्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गरगरेपर्यंत श्वास सोडले, झटकन झाकण लावलं आणि नाचणीच्या पिठाच्या कणकेनं फट लिंपून टाकली. डबा चुलीमागं, उबेला ठेवला आणि त्यावर पानं घातलेली रिकामी टोपली पालथी घातली. हे कुणापासून लपवायचं होतं असं नव्हतं. फक्त मोड आल्यावर दाखवायचं होतं.

संध्याकाळी आबा आले. अंगावरचं इरलं दाराबाहेर टेकवून ठेवलं, पाय धुतले, आणि विचारलं, “रहू कसा हाय गं?”

“चांगला हाय,” मी म्हणाले. त्या संध्याकाळी मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. डब्याला हात लावून बघितला होता. तो चुलीच्या उबेपेक्षा जास्त गरम होता. बी जिवंत आहे, कामाला लागलंय, म्हणून मी खूश होते. तिसऱ्या दिवशी दुपारी झाकण मध्येच फुगल्यासारखं दिसलं. कणीक एका जागी तडकली होती आणि तिथून आंबूस वास येत होता. तेव्हा उघडायला हवं होतं. निदान आईला तरी सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर आणखी थोडी कणीक मळली आणि ती भेग बुजवली. आई कुडाआडून म्हणाली, “वर-खाली केलंस का गं?” “केलं,” मी म्हणाले. संध्याकाळी आबांनी पाय धुतले. दिवसभर चिखल तुडवून त्यांच्या पायांची बोटं पांढरी पडली होती. खाचर तयार झालं होतं.

“रहू कसा हाय?”

“चांगला हाय,” मी म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी ते टोपली घ्यायला आले. मी टोपली उचलली, खालचा डबा त्यांनी बघितला. त्यांनी विळ्याच्या टोकानं कणीक खरवडली आणि झाकण उचकटलं. भपकन जो वास आला तो सगळ्या घरात पसरला. शेजारचे धोंडूतात्या खाचरावर मदतीला जायचे म्हणून ओसरीत उभे होते, त्यांनी नाक वर केलं. “आबा,” ते म्हणाले, “माळ काढून ठिवली का काय? घरात भट्टी लावलीया!” मोहाची दारू उतरते तिथं येतो तसाच वास होता. मी वाडीत वाढलेली, मला तो ओळखता येत होता.

आबांनी बी सुपात ओतलं. मोड आले होते, नाही असं नाही. पांढरे, लांबट, दोऱ्यासारखे मोड. आबांनी एक दाणा बोटावर घेतला, दाराच्या उजेडात नेला आणि उलटासुलटा करून बघितला. “मूळ न्हाई,” ते म्हणाले. मग दुसरा दाणा, मग तिसरा. कशालाच मूळ नव्हतं, आणि बाकीचे दाणे बोटानं दाबले की पिचकत होते. कुडामागं आई रडायला लागली, आणि तिचं ऐकून भाऊ. मी सगळं सांगितलं, डबा, कोंडलेली हवा, पानाचं स्वयंपाकघर, एका दमात. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “काल रहू चांगलाच हुता न्हवं?”

ते सूप उचलून गोठ्यात गेले. म्हशीनं मात्र ते बी फार आवडीनं खाल्लं.

त्यांनी मला मारलं नाही. भोरचं नावही काढलं नाही, आणि ते मारापेक्षा वाईट होतं. संध्याकाळी म्हणाले, “लोकांच्या लावण्या झाल्या की रोपं उरत्यात. घरोघर जायाचं, उरलेल्या मुठी मागायच्या. आन् मागताना का मागती ते सांगायचं. वावरं भरली की मग बघू.” मग बघू, म्हणजे शाळेचं. शाळा तोवर उघडली होती. भोरला माझ्या वर्गातल्या मुली नवीन पुस्तकांना कव्हरं घालत असतील, आणि मी इरलं डोक्यावर घेऊन वाड्यावाड्या हिंडत होते.

आमच्याकडे उरलेली रोपं मागणं यात कमीपणा नाही, आजही नसावा. कमीपणा कारण सांगण्यात होता. प्रत्येक बांधावर मी उभी राहायची आणि डब्याची गोष्ट सांगायची. बायका चिखलात वाकलेल्या असायच्या, त्या कंबर सरळ करून हसून घ्यायच्या आणि मग दोन-चार मुठी द्यायच्या. पाच-सहा वाड्या झाल्यावर माझी गोष्ट माझ्या आधीच पुढं पोचायला लागली. “तू डब्यावाली व्हय?” असं लोक विचारत. कुणाचं कमोद मिळालं, कुणाचं जिरेसाळ, कुणाचं तांबडं जाडं भात. आबा ते मिळेल तसं लावत गेले. आंबेमोहराच्या वाणाचं आमचं वावर, त्याची गोधडी झाली.

सगळेच हसले असं नाही. धोंडूतात्यांची लावणी सगळ्यात शेवटी. त्यांनी हसायचं काम पहिल्याच दिवशी उरकलं होतं. मला बांधावर बसवून ते म्हणाले, “डब्याचं मरू दे. ते पानाचं खरं हाय का? ऊन लागल्याबिगर पान उपाशी ऱ्हातं?”

“खरं हाय तात्या. म्या सोता बघितलं. झाकलेला पट्टा कोराच राह्यला.”

ते खाचराच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. तिथं बांधावर ऐनाचं मोठं झाड होतं आणि त्याच्या सावलीतलं भात दर वर्षी पिवळं, खुरटं राही. त्यांच्या बापानं त्या कोपऱ्यावर नारळ फोडले होते, त्यांनी स्वतः कोंबडं दिलं होतं. “म्या समजत हुतो जागा वंगाळ हाय,” ते म्हणाले. तसेच उठले, कोयता घेतला आणि झाडाच्या पूर्वेकडच्या फांद्या छाटायला चढले. वरून ओरडले, “दोन मुठी जास्ती घे!” सगळ्या पावसाळ्यात मला बरं वाटलेला तेवढाच दिवस.

श्रावणात वावरं भरली. एका सकाळी आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, “पुस्तकं घे.” नसरापूरपर्यंत आम्ही चालत गेलो, पुढं कापूरहोळला सर्व्हिस मोटार मिळाली. भाटघरला धरणाचं पाणी दिसलं तेव्हा आबा म्हणाले, “लई पाणी.” वाटेतलं त्यांचं बोलणं तेवढंच. मला वाटत होतं, शाळेत घेतलं तरी पुरे. दीड महिन्यावर उशीर झाला होता, आणि मास्तरांच्या सहीशिवाय वर्गात बसू देत नव्हते.

पेंडसे मास्तर व्हरांड्यात भेटले. आबांनी हात जोडले आणि सरळ सांगितलं, “हिनं बी डब्यात कोंडलं. तुमी शिकवलं म्हणती.”

मास्तरांनी मला सगळं विचारलं. किती दिवस, झाकण कसं, वास कसला. मी दारूचा वास म्हणायला लाजले, तर आबांनीच सांगितलं. मास्तर म्हणाले, “मोड आले असतील, पण मूळ आलं नसेल.”

आबा चमकले. “तुमाला कसं ठावं?”

“भाताचं बी तसंच करतं,” मास्तर म्हणाले. मग ते थोडा वेळ कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिले. “मी धडा अर्धा सांगून सुट्टी दिली. दुसरा अर्धा राहिला.”

“मंग ऱ्हायलेला सांगा,” आबा म्हणाले. “म्या बी बसतो.”

मास्तरांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली आणि मोड आलेली मटकी आणायला सांगितली. श्रावण असल्यामुळं आत्याकडे फडक्यात बांधलेली मटकी होतीच. मास्तरांनी अर्धी उकळून मारली. जिवंत मटकी एका बाटलीत, मेलेली थंड करून दुसऱ्या बाटलीत, दोन्हींना घट्ट बूच, रात्रभर तशीच. सकाळी वर्ग भरला. आबांना आत बसा म्हटलं तर ते “हितं बरा हाय” म्हणून उंबऱ्यापाशी मांडी घालून बसले, पायताण बाहेर. मुली खुसखुसत होत्या. मास्तरांनी मेलेल्या मटकीची बाटली उघडून आत पेटती काडी सोडली. काडी जळत राहिली. मग जिवंत मटकीची बाटली. काडी आत गेली आणि पाण्यात बुडवावी तशी विझली.

“आतला प्राणवायू बियांनी संपवला,” मास्तर म्हणाले. “बी श्वास घेतं. मूळ श्वास घेतं, खोड घेतं, पानसुद्धा घेतं, दिवसा आणि रात्री. आपल्यासारखंच प्राणवायू घ्यायचा आणि कार्बानिक वायू टाकायचा. त्या श्वासावर साठवलेली साखर जाळायची आणि त्यातून वाढायला बळ मिळवायचं. डबा गरम लागला तो त्याचाच. बियाला हिरवं पान नाही, म्हणून ते स्वयंपाक करू शकत नाही. आईनं दिलेली शिदोरी तेवढी खातं. हवा कोंडली, की ती शिदोरी नीट जळत नाही. अर्धवट जळते, तिची दारू होते, आणि त्या दारूतच बी मरतं.”

आबांनी शाळकरी मुलासारखा हात वर केला. वर्ग हसला, मास्तर हसले नाहीत.

“पान प्राणवायू घेतं म्हणता, आन् अनसू म्हणती सोडतं. मंग दिवसा त्ये काय करतं?”

“दोन्ही,” मास्तर म्हणाले. “दिवसा रांधतं जास्त आणि खातं कमी, म्हणून रांधलेलं तेवढं दिसतं. खाणं दिसत नाही. पण खाणं थांबत कधीच नाही.”

“आमच्यावाणीच की,” आबा म्हणाले. मास्तरांनी त्यांना सांगितलं, की झालेल्या नुकसानीत अर्धा दोष त्यांचा स्वतःचा आहे. आबा उठले, घोंगडी झटकली. “तुमचा न्हाई,” ते म्हणाले. “तिचा बी न्हाई. शिकतानी चुकतं माणूस.” मास्तरांनी सही केली. मला एवढं हायसं वाटलं, की रडू आलं. आबा माझ्याकडे बघत होते आणि काहीतरी बोलणार असं मला वाटलं, पण त्यांनी पायताण घातलं आणि गेले.

पुढच्या वर्षी सातवी पास झाले त्याच आठवड्यात निरोप आला, की रहू घालायला ये. आईचा हात मोकळा होता, आई कुरकुरलीही; पण आबांनी सांगितलं होतं, “रहू अनसूच घालंल.” मला आकाश ठेंगणं झालं. मी टोपली घेतली, पानं अंथरली. दिवसातून तीनदा दगड काढला, हात घालून बी वर-खाली केलं, आणि दर वेळी आतली ऊब बोटांना लागली, की हा श्वास आहे, असं मनात म्हटलं. संध्याकाळी आबा आले. त्यांनी इरलं ठेवलं, पाय धुतले. मी चुलीपाशी उगाच काहीतरी सारत उभी राहिले, त्यांनी विचारावं म्हणून. ते माझ्या बाजूनं पुढं गेले, टोपलीवरची पानं सारली, वाकून बघितलं, वास घेतला, पानं पुन्हा नीट ठेवली आणि जेवायला बसले. दुसऱ्या संध्याकाळी तसंच. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी नखाएवढं पांढरंशुभ्र मूळ फुटलेलं बी ते घेऊन गेले. ते रागावलेले नव्हते. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी शिक्षिका झाले. हे दोन्ही धडे मी कधी वेगवेगळ्या दिवशी शिकवले नाहीत. तास पुरला नाही तर मधली सुट्टी घेतली. बांधावर मी डब्याची गोष्ट सांगितली, मास्तरांना सांगितली, वर्गांना तर किती वेळा सांगितली, लोक हसले आणि मला माफी मिळत गेली. आबांनी न विचारलेल्या त्या तीन संध्याकाळींचं, आणि ज्या खोट्या ‘चांगला हाय’नं त्या आणल्या त्याचं, कुणाला सांगितलं नाही. आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. माझ्या नोकरीचा, मुलांचा, दुखण्याखुपण्याचा त्यांना घोर असायचा. मी माहेरी गेले, की अंगणात खाटेवर बसून ते सगळी चौकशी करत. “अनसू बरी हाय न्हवं?” असं ते माझ्या नवऱ्याला विचारत, आणि मी तिथंच उभी असे.